अपडेटनंतर नेट बंद? फॉर्मॅटची घाई नको

कापडाच्या धंद्यात पूर्वी सकाळी दुकान उघडले की पहिली नजर खातेवहीवर जात असे. आता ती संगणकाच्या पडद्यावर जाते. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला आणि १ एप्रिल २०१८ पासून परराज्यात जाणाऱ्या ५० हजार रुपयांवरील मालाला ई-वे बिल सक्तीचे झाले. तेव्हापासून संगणक आणि इंटरनेट ही हौसेची वस्तू राहिली नाही. गाठी बांधून तयार आहेत, ट्रान्सपोर्टची गाडी दारात उभी आहे आणि नेट नाही म्हणून बिल निघत नाही, अशी वेळ मालेगाव-भिवंडीपासून इचलकरंजी-सोलापूरपर्यंत कोणावरही येऊ शकते.

नेट जाण्याची कारणे अनेक आहेत. त्यापैकी एकाविषयी आज लिहावयाचे आहे. रात्री संगणक 'अपडेट' झाला आणि सकाळी नेट बंद. काल संध्याकाळपर्यंत सर्व ठीक होते, कोणी हात लावला नाही, तरी आज चालत नाही. अशा वेळी दुकानदार नेटवाल्यावर रागावतो, नेटवाला संगणकाकडे बोट दाखवतो आणि शेवटी दुरुस्तीवाला येऊन एकच औषध सांगतो, "फॉर्मॅट मारावा लागेल."

आमच्या पेठेतील एका व्यापाऱ्याचा संगणक असाच फॉर्मॅट केला गेला. नेट दोन तासांत सुरू झाले, पण उधारी-वसुलीची सारी नोंद पुसली गेली. कोणाकडून किती येणे आहे, हे त्याला पुढे महिनाभर कच्च्या चिठ्ठ्यांवरून जुळवावे लागले. नेट सुरू करण्यासाठी हिशेब पुसण्याची काहीही गरज नव्हती.

साचा बंद पडला तर चांगला जॉबर लगेच साचा खोलत नाही. वीज आहे का, पट्टा सरकला आहे का, धोट्यातील कांडी संपली आहे का, ताण्याचा धागा तुटला आहे का, हे तो क्रमाने पाहतो. आमचे सांगणे एवढेच की, संगणकाच्या बाबतीतही हाच क्रम ठेवावा. आधी दोष शोधावा, मग उपाय करावा, आणि उपायही हलक्याकडून जडाकडे न्यावा.

अपडेटने नेट का जाते?

विंडोज ही संगणक चालवणारी मूळ प्रणाली. तिच्यात सापडलेल्या त्रुटी भरून काढण्यासाठी मायक्रोसॉफ्ट कंपनी दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी अपडेट सोडते. आपल्या घड्याळाप्रमाणे ते मंगळवारी रात्री साडेदहा-साडेअकराच्या सुमारास येते आणि बुधवारी सकाळी आपण संगणक चालू करतो तेव्हा त्याचा परिणाम दिसतो.

व्यापाऱ्यांनी येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. दुसरा मंगळवार नेहमी ८ ते १४ तारखेच्या दरम्यान येतो. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्यांसाठी जीएसटीआर-१ ची शेवटची तारीख ११ आहे. जून २०२५ मध्ये दुसरा मंगळवार १० तारखेला होता, म्हणजे अपडेटनंतरची पहिली सकाळ हीच विवरणपत्राची शेवटची सकाळ होती. जो काम शेवटच्या दिवसावर ठेवतो, त्याला ही गाठ महाग पडू शकते.

संगणकातील नेटवर्क कार्ड 'ड्रायव्हर' नावाच्या लहानशा प्रोग्रॅमच्या जोरावर चालते. अपडेटमध्ये कधी हा ड्रायव्हर बदलतो, कधी कार्ड बंद अवस्थेत राहते, कधी जुनी नोंदलेली सेटिंग जाते, तर कधी जुना अँटिव्हायरस नव्या विंडोजशी जुळत नाही. क्वचित अपडेटमध्येच चूक असते. यांपैकी काय झाले आहे, ते पुढील पायऱ्यांनी कळते.

पहिली पायरी : दोष बाहेरचा की आतला?

मोबाईल घ्यावा, त्यातील मोबाईल डेटा बंद करावा आणि तो दुकानाच्या वाय-फायला जोडावा. डेटा बंद करणे महत्त्वाचे, नाहीतर मोबाईल स्वतःच्या नेटवर चालेल आणि आपली फसगत होईल. मोबाईलवर नेट चालले तर बाहेरची लाईन आणि राऊटर ठीक आहेत, दोष संगणकात आहे असे समजावे.

मोबाईलवरही चालत नसेल तर संगणकाला हात लावू नये. फायबरच्या डब्यावर 'एलओएस' लिहिलेला दिवा लाल दिसत असेल तर बाहेरून प्रकाशाचा संकेतच येत नाही, असा त्याचा अर्थ. मग नेटवाल्यालाच कळवावे. दिवे ठीक असतील तर राऊटरची वीज अर्धा मिनिट बंद करून पुन्हा चालू करावी. अपडेट आणि लाईनचा बिघाड एकाच दिवशी येऊ शकतात, म्हणून ही तपासणी टाळू नये.

दुसरी पायरी : रीस्टार्ट, शटडाऊन नव्हे

'मी संगणक बंद करून चालू केला' असे पुष्कळ जण सांगतात. परंतु विंडोज १० व ११ मध्ये 'फास्ट स्टार्टअप' सोय चालू असेल तर शटडाऊन केल्यावर संगणक आतून पूर्ण बंद होत नाही. आतील बरीचशी स्थिती तो जपून ठेवतो आणि पुन्हा तीच उघडतो. 'रीस्टार्ट' केल्यावर मात्र सर्व नव्याने सुरू होते.

डिसेंबर २०१६ मध्ये ब्रिटन व युरोपातील अनेक विंडोज १० वापरणाऱ्यांचे नेट अचानक गेले. त्यांच्या संगणकांना राऊटरकडून पत्ता मिळेनासा झाला होता. मायक्रोसॉफ्टने तेव्हा पहिला सल्ला दिला तो रीस्टार्टचा, आणि १३ डिसेंबरला नवे अपडेट दिले. म्हणून एकदा रीस्टार्ट करावे. अपडेट अर्धवट राहिले असेल तर तेही त्यात पूर्ण होते.

त्याबरोबर केबल काढून पुन्हा घट्ट बसवावी. लॅपटॉप असेल तर विमानाचे चिन्ह असलेली 'एअरप्लेन मोड' सोय चालू राहिली नाही ना, ते पाहावे. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यातील तारीख व वेळही पाहावी. जुन्या संगणकाच्या आतील बटन-सेल संपला की तारीख मागे जाते, आणि तारीख चुकली की बँकेची व सरकारी संकेतस्थळे उघडत नाहीत. तेथे दोष नेटचा नसतो, घड्याळाचा असतो.

तिसरी पायरी : कार्ड जागेवर आहे का?

'स्टार्ट'च्या चिन्हावर माऊसचे उजवे बटन दाबावे आणि 'डिव्हाइस मॅनेजर' उघडावे. त्यात 'नेटवर्क अडॅप्टर्स' अशी ओळ असते. ती उघडल्यावर तीनपैकी एक गोष्ट दिसेल.

एक, कार्डाच्या नावावर खाली रोखलेला लहान बाण आहे. म्हणजे कार्ड बंद केलेले आहे. उजवे बटन दाबून 'एनेबल' करावे.

दोन, कार्डावर पिवळे चिन्ह आहे, किंवा कार्डच दिसत नाही आणि 'अदर डिव्हाइसेस'खाली 'नेटवर्क कंट्रोलर' असे लिहिलेले आहे. म्हणजे ड्रायव्हर बिघडला किंवा गेला. कार्ड यादीत असेल तर त्याच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'ड्रायव्हर' या पानावर 'रोल बॅक ड्रायव्हर' हे बटन पाहावे. ते दाबता येत असेल तर जुना ड्रायव्हर परत येतो. बटन फिके असेल तर परत जाण्यासाठी जुना ड्रायव्हर शिल्लक नाही. मग संगणक किंवा मदरबोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून आपल्या मॉडेलचा ड्रायव्हर आणून बसवावा.

येथे प्रश्न येतो की, नेटच नाही तर ड्रायव्हर आणायचा कसा? अँड्रॉइड मोबाईल डेटा-केबलने संगणकाला जोडावा आणि मोबाईलच्या सेटिंगमध्ये 'यूएसबी टेदरिंग' चालू करावे. संगणकाचे कार्ड बंद असले तरी बहुतेक वेळा मोबाईलच कार्डाचे काम करतो आणि संगणकावर नेट येते. दारात उभी असलेली गाडीही याच वाटेने रवाना करता येते. ई-वे बिल आधी काढावे, दुरुस्ती मागाहून सावकाश करावी.

तीन, कार्ड व्यवस्थित दिसते, कोणतेही चिन्ह नाही. मग पुढच्या पायरीवर जावे.

चौथी पायरी : पत्ता मिळाला का?

नेटवर्कवरील प्रत्येक संगणकाला राऊटर एक आकड्यांचा पत्ता देतो. 'सेटिंग्ज'मध्ये 'नेटवर्क अँड इंटरनेट' उघडून आपल्या जोडणीचे 'प्रॉपर्टीज' पाहिले की 'आयपीव्ही४ अॅड्रेस' या ओळीत तो दिसतो. दुकानांतून बहुधा तो १९२.१६८ ने सुरू होतो. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राऊटरने पत्ता दिलेला नाही आणि संगणकाने स्वतःच एक कामचलाऊ पत्ता घेतला आहे. अशा पत्त्यावर बाहेरचे जग दिसत नाही. राऊटर व संगणक दोन्ही पुन्हा सुरू करावेत आणि 'आयपी असाइनमेंट'समोर 'ऑटोमॅटिक' आहे का ते पाहावे.

पत्ता ठीक असूनही संकेतस्थळे उघडत नसतील आणि 'डीएनएस' शब्द असलेला संदेश येत असेल, तर नावावरून आकडा शोधून देणारी यंत्रणा उत्तर देत नाही. जणू दुकान उघडे आहे, पण पत्त्यांची वही हरवली आहे. त्याच पानावर डीएनएसच्या जागी ८.८.८.८ किंवा १.१.१.१ हा आकडा भरल्यास बहुधा काम होते. आकडे अर्थातच इंग्रजीत भरावेत.

पाचवी पायरी : मधला दलाल कोण?

काही संगणकांत नेट थेट येत नाही, मध्ये 'प्रॉक्सी' किंवा 'व्हीपीएन' असते. फेब्रुवारी २०२० च्या अखेरीस आलेल्या विंडोज १० च्या एका अपडेटनंतर अशाच संगणकांवर नेट नसल्याचे चिन्ह दिसू लागले आणि काही प्रोग्रॅम नेटला जोडले जाईनात. तेव्हा जगभर लोक घरून काम करीत होते. ३० मार्चला मायक्रोसॉफ्टने नेहमीच्या तारखेची वाट न पाहता दुरुस्ती सोडली. जानेवारी २०२२ मध्ये ११ तारखेच्या अपडेटने काही प्रकारचे व्हीपीएन बंद पाडले, त्याची दुरुस्ती १७ तारखेला आली. सांगण्याचा मुद्दा असा की, कधी चूक आपल्याकडे नसतेच. काही दिवसांत किंवा आठवड्यांत दुरुस्ती येते आणि तोवर मोबाईलच्या नेटवर काम चालवणे हाच शहाणपणा ठरतो.

'सेटिंग्ज'मधील 'प्रॉक्सी'च्या पानावर आपण न भरलेला पत्ता चालू दिसला तर तो बंद करावा. बाहेरून विकत घेतलेला अँटिव्हायरस असेल तर तो काढून रीस्टार्ट करून पाहावे. विंडोजमध्ये स्वतःचा 'डिफेंडर' असतो, तो अशा वेळी आपोआप पहारा देतो.

सहावी पायरी : नेटवर्क रीसेट, आणि मागे फिरणे

वरील कशानेही नेट आले नाही तर 'नेटवर्क रीसेट' करावे. विंडोज ११ मध्ये ते 'नेटवर्क अँड इंटरनेट'मधील 'अॅडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्ज'खाली आणि विंडोज १० मध्ये 'स्टेटस'च्या पानावर तळाशी आहे. याने कार्डे काढून पुन्हा बसवली जातात आणि सर्व सेटिंग मुळासारखी होते. हिशेबाच्या फाईलींना धक्का लागत नाही. मात्र वाय-फायचा पासवर्ड, व्हीपीएनची मांडणी आणि हाताने भरलेला पत्ता पुसला जातो, म्हणून हे सर्व आधी वहीत उतरवून घ्यावे.

तरीही उपयोग न झाल्यास अपडेटच काढता येते. 'विंडोज अपडेट'मध्ये 'अपडेट हिस्टरी' आणि त्यात 'अनइन्स्टॉल अपडेट्स' आहे. विंडोजची पूर्ण आवृत्तीच बदलली असेल तर 'रिकव्हरी'मधील 'गो बॅक' या सोयीने जुन्या आवृत्तीवर परतता येते, परंतु त्यासाठी साधारणपणे १० दिवसांचीच मुदत असते. परत फिरण्यापूर्वी हिशेबाची प्रत पेनड्राइव्हवर घ्यावी.

या सहा पायऱ्या संपल्यावरच जाणकाराला बोलवावे आणि काय काय केले ते त्याला सांगावे. फॉर्मॅटचे नाव निघाले तर पहिला प्रश्न विचारावा, "हिशेबाची प्रत काढून माझ्या हातात दिली का?" ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिल्याशिवाय होकार देऊ नये.

नेट आहे, पण दुकानातला दुसरा संगणक दिसत नाही

आपल्या पेढ्यांवर ही तक्रार अधिक आढळते. मुख्य संगणकावर हिशेबाचे फोल्डर असते, गोदामातील किंवा वरच्या मजल्यावरील संगणक ते उघडतो. अपडेटनंतर इंटरनेट चालते, पण ते फोल्डर उघडत नाही.

पहिली शंका म्हणजे नेटवर्कचा प्रकार. विंडोज नेटवर्कला 'प्रायव्हेट' किंवा 'पब्लिक' समजते. 'पब्लिक' म्हणजे रेल्वे स्टेशनसारखी अनोळखी जागा, तेथे संगणक स्वतःला लपवतो. आपल्या दुकानाचे नेटवर्क 'प्रायव्हेट' करावे.

दुसरे कारण सुरक्षेचे. ऑक्टोबर २०१७ च्या विंडोज १० आवृत्तीपासून फाईल देवाणघेवाणीची 'एसएमबी १' ही जुनी पद्धत नव्याने बसवलेल्या विंडोजमध्ये चालू नसते. विंडोज एक्सपीचा संगणक फक्त हीच पद्धत जाणतो, म्हणून नवा संगणक आणि तो यांचे बोलणे होत नाही. पुढे ऑक्टोबर २०२४ मध्ये विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती आली. तिच्या 'प्रो' प्रकारात पासवर्ड न देता 'गेस्ट' म्हणून दुसऱ्याच्या फोल्डरमध्ये शिरणे बंद झाले. उपाय सोपा आहे. मुख्य संगणकावर पासवर्डसह एक वापरकर्ता तयार करावा, फोल्डर त्याला मोकळे करावे आणि दुसऱ्या संगणकावर तेच नाव व पासवर्ड द्यावा. सुरक्षा बंद करून फोल्डर उघडण्याची युक्ती कोणी सांगितली तर ती टाळावी. याचे कारण पुढे येते.

मग अपडेट बंदच करावे का?

हा प्रश्न आम्हाला अनेक जण विचारतात. उत्तर नाही असेच आहे. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाच्या विषाणूने दीडशेच्या आसपास देशांतील संगणकांच्या फाईली कुलूपबंद केल्या आणि त्या सोडण्यासाठी खंडणी मागितली. ब्रिटनमधील सरकारी रुग्णालयांचेही काम अडले. तो विषाणू याच जुन्या 'एसएमबी १'मधील छिद्रातून पसरत होता, आणि ते छिद्र बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच, म्हणजे दोन महिने आधी, दिलेले होते. ज्यांनी ते बसवले त्यांच्याकडे त्या छिद्रातून शिरकाव झाला नाही. एका सकाळचे नेट जाणे आणि सारी खातेवही जाणे, यांत फार मोठे अंतर आहे. विंडोज १० ची नेहमीची मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, हेही जुना संगणक वापरणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

तेव्हा अपडेट बंद करू नये, त्याची वेळ मात्र आपण ठरवावी. 'पॉझ अपडेट्स' या सोयीने ते काही दिवस पुढे ढकलता येते. विवरणपत्र आधी भरावे, मग अपडेट घ्यावे. मालेगावात शुक्रवारी साचे बंद असतात. तेथील व्यापाऱ्याने गुरुवारी काम आटोपल्यावर हिशेबाची प्रत काढून अपडेट सुरू करावे, म्हणजे बिघाड झाला तरी हातात एक मोकळा दिवस राहतो. ज्याची सुट्टी ज्या वारी असेल, त्याने तो वार धरावा. अपडेट चालू असताना वीज गेल्यास नुकसान होते, म्हणून इन्व्हर्टर किंवा यूपीएस चालू स्थितीत असावा.

एक पान वहीत

नेट बंद झाल्यावर नेटवर माहिती शोधता येत नाही. म्हणून पुढील गोष्टी आजच एका पानावर लिहून गल्ल्याजवळ ठेवाव्यात : संगणकाचे मॉडेल, वाय-फायचे नाव, मुख्य संगणकाचा ठरावीक पत्ता असल्यास तो, नेटवाल्याचा ग्राहक क्रमांक व तक्रारीचा फोन. पासवर्ड मात्र वेगळ्या जागी, कुलपात ठेवावेत. एका पेनड्राइव्हवर नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर आणि दुसऱ्यावर हिशेबाची आठवड्याची ताजी प्रत असावी. दुसरा पेनड्राइव्ह दुकानात न ठेवता घरी ठेवावा.

पडद्यावरचे इंग्रजी संदेश उर्दू किंवा मराठी माध्यमात शिकलेल्या माणसाला बुचकळ्यात टाकतात. त्यावर उपाय म्हणजे संदेश घाईने बंद न करता मोबाईलने त्याचा फोटो घ्यावा आणि घरातील शिकणाऱ्या मुलाला किंवा मुलीला दाखवावा. या सहा पायऱ्यांसाठी मोठ्या शिक्षणाची गरज नाही, क्रम सोडू नये एवढीच अट आहे. ज्या व्यापाऱ्याला त्या जमल्या त्याने शेजारच्या कारागिरालाही शिकवाव्यात. त्याच्याकडे एकच लॅपटॉप असतो, आणि तो अडला की त्याची त्या दिवसाची मजुरी अडते.